अंगणातलं निळं तण

नवरात्र संपलं की व्हॉट्सअपवर मेसेज चालू होतात, ताई ते निळं फूल कसं लावता सांगा ना, आमचं उगवतच नाही, उगवलं तर फूल येत नाही, फूल आलंच तर झाड आडवं पडतं. प्रत्येकीला वेगळं उत्तर टाईप करण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते, लिंक पाठवून मोकळं.

तर ते फूल म्हणजे कॉर्नफ्लॉवर. आणि माझं सगळं म्हणणं एका ओळीत सांगायचं तर ह्याला फुलझाड समजून लाड करू नका, रब्बीचं पीक समजा. खरं तर पीकही नाही, ते तण आहे. युरोपात गहू आणि राय नावाचं धान्य असतं त्याच्या वावरात हे शेकडो वर्षं आपोआप उगवत आलं. आपल्याकडे पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, केना नावाचं तण माजतं ना, त्यालाही निळीच फुलं, आणि निंदताना बाया त्याला शिव्या घालतात, तसंच तिथल्या शेतकऱ्यांनी ह्याला घातल्या असणार. धान्यासोबत ह्याचं बी कापलं जायचं, मळणीत मिसळायचं आणि पुढच्या वर्षी गव्हासोबतच पेरलं जायचं, म्हणजे फुकटात प्रवास. मग बी स्वच्छ करायच्या मशिनी आल्या, तणनाशकं आली, आणि ते तिथल्या वावरांतून फार कमी झालं. आता लोक मुद्दाम विकत घेऊन बागेत लावतात. एस्टोनिया नावाच्या देशाने तर 1968 साली राष्ट्रीय फूलच करून टाकलं. फ्रान्समध्ये हे पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या आठवणीचं फूल आहे, कारण तोफगोळ्यांनी उकरलेल्या जमिनीतही हे उगवून आलं होतं. उकरलेली, मोकळी, ऊन लागणारी जमीन, एवढंच त्याला पाहिजे.

हे डोक्यात ठेवलं की बाकी सगळं सोपं आहे.

पेरायचं कधी? हरभरा पेरतो तेव्हा. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा, रात्री पांघरूण लागायला लागलं की समजायचं वेळ झाली. इंटरनेटवर मार्च-एप्रिलमध्ये पेरा असं लिहिलेलं असतं ते थंड देशातल्या लोकांसाठी, आपल्या यवतमाळ-वर्ध्याकडे एप्रिलमध्ये पेरलं तर रोप वर येऊन ऊन बघून परत जाईल. पावसाळ्यातही नको, सडतं.

ट्रेमध्ये किंवा कुंडीत रोपं करून नंतर लावू नका, ह्याला सोटमूळ असतं आणि ते हलवलेलं चालत नाही. जिथे पाहिजे तिथेच टोबायचं, साधारण एक सेंटीमीटर खोल, आणि वरून माती नक्की ओढायची, कारण ह्याच्या बीला उगवायला अंधार लागतो. "ताई नुसतं वर भुरभुरलं होतं" म्हणणाऱ्यांचं बी ह्याच कारणाने उगवत नाही, नाहीतर मुंग्या नेतात. मुंग्यांचं खरंच आहे बरं का, बीच्या एका टोकाला तेलकट भाग असतो त्यासाठी त्या बी ओढून नेतात. मातीत वाफसा, म्हणजे ना कोरडी ना चिकट अशी ओल, असला तर आठ-दहा दिवसांत उगवतं.

आता माती. आपली काळी भारी जमीन, तिच्यात चुनखडी असते आणि ते ह्या झाडाला चालतं, आवडतंच म्हणा. अडचण पाण्याची आहे. काळी माती पाणी धरून बसते, वरून कोरडी दिसते आणि आतून चिकट असते, आणि आपण वरचं बघून रोज पाणी घालतो. त्यामुळे सपाट वाफा करू नका, वीतभर उंच वरंबा करा, मातीत थोडा मुरूम किंवा रेती मिसळा आणि वरंब्यावर लावा. सुरुवातीला उगवेपर्यंत ओल ठेवायची, नंतर आठवड्यातून एकदा पाणी पुरे होतं. आमच्याकडे ठिबकची जुनी लॅटरल, म्हणजे नळी, पडून होती ती टाकली आहे पण बादलीनेही भागतं.

खत? नको. युरिया तर अजिबात नको. कोणी डीएपी टाकतं, कोणी गांडूळखताची पिशवी रिकामी करतं, मग झाड नुसतं पाल्यावर जातं, उंच लुसलुशीत होतं आणि पहिल्या वाऱ्याला झोपतं. वावराच्या धुऱ्यावर, बांधावर वाढणाऱ्या झाडाला तुम्ही कशाला खाऊ घालता. जमीन अगदीच मुरमाड असेल तर ओंजळभर जुनं शेणखत, बस.

मी पहिल्यांदा लावलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "काहून वं, त्या कचऱ्याले पाणी देऊन राह्यली, हरभऱ्याले दे म्हनलं." आणि त्यांचं चूक नव्हतंच. पण विरळणी मात्र त्यांच्याकडूनच करून घ्यावी अशी, शहरातल्या मैत्रिणींचा रोपं उपटताना जीव तुटतो, ह्यांचा तुटत नाही. रोप चार पानांवर आलं की दोन रोपांत वीतभर अंतर ठेवून बाकीचं उपटून टाकायचं. दाटी ठेवली की खाली हवा खेळत नाही, भुरी येते, पानांवर पांढरी पावडर मारल्यासारखी. रोप बोटभर उंचीच्या वर गेलं की शेंडा खुडायचा, हरभऱ्याचे शेंडे भाजीसाठी खुडतो तसाच, फांद्या जास्त फुटतात. (ह्याच्या शेंड्याची भाजी करू नका, चवीला काही नाही. पाकळ्या मात्र खाता येतात, लोक कोशिंबिरीवर टाकतात, निळी कोशिंबीर आमच्या घरी चालली नाही.)

मग डिसेंबर येतो आणि सगळ्यांचा धीर सुटतो. झाड हलत नाही, नुसती राखाडी-हिरवी अरुंद पानं जमिनीला चिकटून बसलेली. "ताई मेलं का?" मेलं नाही. ह्याला फुलायला दिवस मोठा लागतो, थंडीत दिवस लहान असतो तोवर ते मुळं करतं. ह्याच वेळी घाबरून लोक खत टाकतात. टाकू नका. संक्रांत होऊ द्या, तिळाचे लाडू खा, दिवस लांबायला लागला की मधून दांडा येतो आणि मग बघता बघता गुडघ्याच्या वर जातं. ब्लू बॉय नावाची उंच जात असेल तर अडीच-तीन फूट होते, कुंडीवाल्यांनी ज्युबिली जेम नावाची बुटकी जात बघावी.

उंच झाडाला आधार लागतो. इथे लोक पऱ्हाट्या खोचतात कारण त्या घरात पडलेल्या असतात. मी नाही खोचत, पऱ्हाट्यांमध्ये गुलाबी बोंडअळी दडून राहते, त्या हंगाम संपल्यावर घराजवळ साठवूच नयेत. तुराट्या घ्या, तुरीच्या वाळलेल्या काड्या. वाफ्यात चार-पाच तुराट्या खोचल्या की झाड त्यांच्या मधूनच वर येतं, बांधावंही लागत नाही.

जानेवारीत ढगाळ वातावरण आलं की मावा नावाची बारकी कीड येते. कॉर्नफ्लॉवर आणि करडई एकाच कुळातले, कळी हातात धरून बघा, खवल्याखवल्यांची तशीच असते, फक्त काटे नाहीत, त्यामुळे करडईच्या शेजारी लावलं असेल तर जास्त लक्ष ठेवा. पाण्याचा जोरात फवारा मारला की बराच मावा पडतो, उरला तर पाच टक्के निंबोळी अर्क. ढालकिडे दिसले तर काहीच मारू नका, ते मावा खातात. आणि एक महत्त्वाचं, शेजारच्या वावरात गहू असेल आणि ते रुंद पानांच्या तणासाठी टू-फोर-डी हे तणनाशक मारणार असतील तर आधीच बोलून ठेवा, वारा कुठला आहे ते बघून मारा म्हणावं. तुमच्या दृष्टीने ते फूल आहे, त्या औषधाच्या दृष्टीने तणच.

जानेवारीच्या शेवटी-शेवटी फुलं सुरू होतात. तो निळा रंग मोबाईलमध्ये नीट येत नाही, जांभळट येतो, माझे फोटो बघून कोणी नाराज होऊ नका. ह्या रंगाची गंमत अशी की रिचर्ड विल्श्टेटर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला लाल गुलाबात आणि ह्या निळ्या फुलात रंगद्रव्य एकच सापडलं, वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या कामाला त्याला 1915 चं नोबेलही मिळालं. मग एक लाल आणि एक निळं कसं? ह्या फुलात ते रंगद्रव्य दुसऱ्या एका घटकासोबत लोह, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमच्या भोवती बांधलं जातं, तो पूर्ण सांगाडा 2005 मध्ये उलगडला. म्हणून कोणी मला विचारतं की मातीत तुरटी टाकली तर निळं जास्त गडद होईल का, तर नाही, ते हायड्रेंजिया नावाच्या दुसऱ्या फुलझाडाचं झालं, हे बी घेऊन येतं तोच रंग देतं.

फुलं तोडत राहा, जेवढी तोडाल तेवढी येतात. ह्याच्या एका फुलात खरं तर बरीच फुलं असतात, त्यातली बाहेरची कर्ण्यासारखी मोठी निळी फुलं वांझ असतात, ती फक्त माश्यांना बोलवायला, बी आतल्या बारक्या फुलांना धरतं. महाशिवरात्रीला सासूबाई बेलासोबत हीच वाहतात आता, कचरा म्हणत नाहीत, पण हरभऱ्याच्या आधी पाणी दिलेलं अजूनही चालत नाही.

होळीनंतर झाड वाळायला लागतं, वाचवायचा प्रयत्न करू नका, त्याचा हंगाम संपला. फुलाखालची खवली गव्हाच्या काडासारखी पिवळी झाली की डोकं खुडून पेपरवर सावलीत वाळवा, आत चकचकीत बी निघतं, त्याला आखूड केसांचा झुपका असतो. कागदी पुडीत, कोरड्या डब्यात, पावसाळाभर ओल लागू द्यायची नाही. ह्याच्यात परपरागीभवन होतं, त्यामुळे शेजारी गुलाबी-पांढरी जात असेल तर पुढच्या वर्षी मिसळ येणार. निळंच पाहिजे असेल तर फक्त निळंच लावा. काही बी तिथेच गळतं आणि त्यातली थोडी रोपं दसऱ्याच्या सुमारास आपोआप उगवतात, खुरपं चालवताना ओळखून ठेवा.

बी मिळतच नाही अशी ज्यांची तक्रार आहे (तालुक्याच्या कृषी केंद्रात मागितलं तर ते तुमच्याकडे बघतच राहतात, मागवावंच लागतं), त्यांनी यंदा जवस लावावं. थट्टा नाही करत. आपल्या पूर्वेकडे, भंडारा-चंद्रपूरकडे, धान निघायच्या आधी बांधीत जवस फेकून द्यायची पद्धत आहे, उतेरा म्हणतात, उरलेल्या ओलीवरच ते येतं, म्हणजे ह्याच्याहूनही कमी लाडाचं. पेरायची वेळ तीच, नाजूक निळं फूल, फक्त ते सकाळीच बघावं लागतं, दुपारपर्यंत पाकळ्या गळतात, दुसऱ्या दिवशी नवीन. वरून चटणीचीही सोय. स्वयंपाकघरातल्या डब्यातलंच मूठभर चालेल, फक्त भाजून ठेवलेलं नको, कच्चं घ्या.