तुळजापूरचा घाट चढण्याआधी

कोजागरीला सोलापूरहून चालत तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटर, आणि घाट येतो नेमका शेवटी, पाय संपत आल्यावर. पोटऱ्यांत गोळे येतात ते इथंच. नुसतं पाणी पीत राहिल्यानं घामावाटे गेलेलं मीठ भरून निघत नाही. १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. घोट घोट घ्यावं. टेकायचं तर १० मिनिटं, पाय दगडावर उंच ठेवून. जास्त बसलं की पाय आखडतात, उठवत नाही. चढाला पावलं लहान. बोलणं अडखळायला लागलं तर मात्र तिथंच थांबा आणि मदत घ्या, आई रागावणार नाही. आणि फोडाची कातडी सोलू नका. खालची जखम तीच झाकते.