रिव्हॉल्व्हर पारखायला शिकताना : आठव्या महिन्याची नोंद

आधीच्या नोंदीत मी नव्या रिव्हॉल्व्हरच्या पॉलिशबद्दल बरंच लिहिलं होतं. आता पॉलिश सगळ्यात शेवटी बघतो. गेले दोन महिने फिलर गेज (फट मोजायची, ठरावीक जाडीची पातळ पाती) आणि उजव्या हाताचा अंगठा यांवरच भर दिला, त्यातून काय हाती लागलं ते मांडतो.

आधी नेहमीचं. सिलिंडर उघडून सहाही चेंबर, म्हणजे काडतुसांची घरं, डोळ्यांनी बघायचे, बोटाने चाचपायचे, नळी सुरक्षित दिशेला धरायची. दुकानात असाल तर रिकामा चाप ओढण्याआधी काउंटरवर विचारा. आणि सिनेमातल्यासारखा मनगटाला झटका देऊन सिलिंडर बंद करू नका. तो ज्या हातावर बाहेर येतो ती क्रेन अशाने वाकते, आणि मग पुढची सगळी मापं बिघडतात.

माझे बाबा पिंपरीला एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. रविवारी स्कूटरच्या पॉइंटची गॅप लावताना फिलर गेजचं पातं माझ्या हातात द्यायचे. "जोर लावू नकोस. ओढताना किंचित धरलं पाहिजे, अडकता कामा नये." इथे अमेरिकेत, ओहायोत राहून आज तेच पातं मी नळीचं मागचं तोंड आणि सिलिंडर यांच्यामधल्या फटीत सरकवतो. माप बाबांच्याच भाषेत, थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. चार ते सहा थाऊ फट मला उत्तम वाटते. दोनच्या खाली गेली की काजळी साचल्यावर आणि लोखंड तापल्यावर सिलिंडर घासायला लागतो. दहाच्या वर गेली तर महागड्या हत्यारात ती मी स्वीकारणार नाही. हे माप दोनदा घ्यायचं : एकदा सिलिंडर मागे दाबून, एकदा पुढे ढकलून. दोन्हींतला फरक म्हणजे सिलिंडरची पुढेमागे होणारी हालचाल. नव्यात ती एक-दोन थाऊपेक्षा जास्त नको. सहाही चेंबरवर मोजा, कारण सिलिंडरचं तोंड सगळीकडे सारखं असेलच असं नाही.

मित्राकडे नवं पायथन रिव्हॉल्व्हर आहे. कोल्टने हे मॉडेल १९५५ मध्ये आणलं, पुढे उत्पादन थांबलं आणि जानेवारी २०२० मध्ये ते स्टेनलेस स्टीलमध्ये, १,४९९ डॉलर छापील किमतीला परत आलं. त्याची फट मागे दाबून पाच, पुढे ढकलून चार भरली. सहाही चेंबरवर तेच. मला मनापासून आनंद झाला. जुन्या पायथनचा गडद निळा रंग यात नाही, पण आतलं काम चोख आहे.

आता टायमिंग, म्हणजे घोडा आणि सिलिंडर यांचा मेळ. इथे मी चार महिने चुकत होतो, म्हणून सविस्तर लिहितो. घोडा अंगठ्याने अगदी सावकाश मागे घ्यायचा, दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरला हलकं टेकवून. फ्रेममधून वर येणारी खिटी सिलिंडरच्या खाचेत आधी बसली पाहिजे, घोडा त्यानंतर पूर्ण मागे अडकला पाहिजे. कान दिला तर दोन्ही आवाज वेगळे कळतात. खिटी उशिरा बसली तर चेंबर नळीच्या रेषेत येण्याआधीच गोळी सुटू शकते, मग शिसं खरवडून बाजूला उडतं. मी हे रिकाम्या चेंबरवर करायचो आणि चांगल्या हत्यारांनाही नापास करायचो. नेमबाजीच्या रेंजवरच्या एका ज्येष्ठ काकांनी समजावलं की काही बनावटींत काडतुसं बाहेर ढकलणारी चांदणी रिकाम्या सिलिंडरमध्ये जराशी फिरते, त्यामुळे खिटी उशिरा बसते. सहा वाजवलेली केसं, म्हणजे झाडलेल्या काडतुसांची रिकामी कवचं, भरून बघा. तसं केल्यावर ज्यांच्यावर मी लाल खूण केली होती त्यांतली दोन व्यवस्थित निघाली. माझ्या वहीतल्या त्या नोंदी खोडल्या आहेत. त्यावरून कोणी खरेदी टाळली असेल तर कृपया पुन्हा तपासा.

माझ्या स्वतःच्या नव्या हत्याराची गोष्ट मात्र वेगळी. कंपनी कोणती ते लिहीत नाही. घोड्याचं काम, छान. फट पाच थाऊ, छान. पण मागून फ्रेमच्या वरच्या रेषेवर डोळा ठेवला तर पुढची माशी (नळीच्या टोकावरचा, नेम धरायचा उंचवटा) उजवीकडे कललेली. नळी फिरवून बसवताना नेमक्या जागी थांबली नव्हती. रेंजवर १५ यार्डांवर गोळ्या डावीकडे जात होत्या आणि मागची साइट उजवीकडे जवळजवळ टोकापर्यंत न्यावी लागत होती. हजार डॉलरच्या वर मोजल्यावर हे चालवून घ्यायचं नाही, असं ठरवून परत पाठवलं. पाच आठवड्यांनी आलं. माशी आता सरळ आहे. फट सहा भरते, पुढेमागे हालचाल एक थाऊ. तिसऱ्या चेंबरवर केस भरूनही खिटी किंचित उशिरा बसते असं वाटतंय, बोटाचा दाब काढला की नाही. मार्करने त्या चेंबरवर ठिपका ठेवला आहे. शनिवारी १५८ ग्रेन (गोळीचं वजन) .३५७ मॅग्नमच्या ५० गोळ्या झाडून, त्या चेंबरचा गट, म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांचा पसारा, वेगळा मोजून पुढची नोंद करतो.