एकीचे पथ्य, दुसऱ्याची वाढ

घरात चौदा वर्षांची मांजर मनी आणि अजून वर्षाचाही न झालेला बोका गोट्या आहे हे कळले, की लोक हमखास एकच गोष्ट विचारतात: मनीचे किडनीचे पथ्य आणि गोट्याचे वाढीच्या वयातले खाणे एका घरात वेगळे ठेवता तरी कसे? तुम्हीही विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मूत्रपिंडे थकली की जादा फॉस्फरस शरीराबाहेर टाकणे त्यांना जमत नाही. त्यामुळे मनीला डॉक्टरांनी लिहून दिलेल्या खाण्यात फॉस्फरस कमी, मीठ मोजके आणि प्रथिने बेताची पण चांगल्या प्रतीची असतात. गोट्याला मात्र हाडे आणि स्नायू घडवण्यासाठी भरपूर प्रथिने, कॅल्शियम आणि तोच फॉस्फरस साधारण बारा महिन्यांचा होईपर्यंत लागतो. एखादा चोरटा घास पोटात गेल्याने दोघांपैकी कुणाचेही फारसे बिघडत नाही. बिघडते ते अदलाबदल रोजची झाली की.

यावरचा माझा उपाय अगदी साधा आहे: सतत भरलेली वाटी घरातून हद्दपार करणे. मांजर मुळात दिवसभर थोडे थोडे खाणारा प्राणी आहे, त्यामुळे वाटी भरून ठेवण्याची पद्धत एरवी वाईट नाही, परंतु दोन प्रकारचे अन्न असलेल्या घरात ती चालत नाही. आमच्याकडे सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि निजण्यापूर्वी अशा चार वेळा ठरलेल्या आहेत. मनी आतल्या खोलीत दार लावून जेवते, गोट्या स्वयंपाकघरात. अर्ध्या तासाने दोन्ही ताटल्या उचलल्या जातात आणि मगच दार उघडते. मनीच्या खाण्यात फॉस्फरस बांधून ठेवणारे औषध मिसळलेले असते, त्यामुळे तिची ताटली किती रिकामी झाली हेही यात आपोआप कळते. दोघांच्या ताटल्या एकाच ठिकाणी मांडल्या असत्या, तर हे कळायला काही मार्गच उरला नसता.

खाणे उंचावर ठेवण्याचा सल्ला सगळे देतात, पण त्याचा उपयोग अर्धाच होतो. म्हातारी मनी फ्रीजवर चढू शकत नाही, म्हणून गोट्याचे दाणे तिथे सुरक्षित राहतात. उलट गोट्या जिथे पोहोचणार नाही अशी जागा मला तरी अजून सापडलेली नाही. मांजराच्या मानेत कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप वाचून झाकण उघडणारी यंत्रेही मिळतात. घरी दिवसभर कुणी नसेल तर ती सोयीची ठरतात, पण आपल्याकडे ती महाग पडतात, आणि एकाचे झाकण उघडले असताना दुसऱ्याने शेजारून डोके घुसवायचे ठरवले तर यंत्र बिचारे काय करणार?

मात्र या सगळ्या शिस्तीपेक्षा मोठी एक गोष्ट आहे, आणि विचारणाऱ्यांच्या ती सहसा लक्षात येत नाही. मनीने पथ्याचे खावे याहून तिने खावे हे अधिक महत्त्वाचे आहे. ‘भूक लागली की खाईल आपोआप’ हे मांजराच्या बाबतीत धोक्याचे आहे, कारण काही दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः स्थूल मांजराच्या, यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकते. म्हणूनच तिचे नवे खाणे जुन्यात चमचा-चमचा मिसळत, काही आठवडे घेऊन बदलले, आणि तेही तिची मळमळ थांबल्यावरच; कारण आजारपणात समोर आलेल्या अन्नाचा मांजराला कायमचा तिटकारा बसू शकतो. ओले खाणे कोमट करून, त्यात दोन चमचे पाणी घालून दिले की वासही सुटतो आणि पाणीही पोटात जाते. एखाद्या दिवशी तिने सगळेच नाकारले, तर मी मीठ न घालता उकडलेल्या चिकनचे दोन तुकडे वर ठेवते आणि दुसऱ्या दिवशीही तसेच झाले तर डॉक्टरांना फोन करते.

पाहुण्यांचे प्रेम हा वेगळाच विषय आहे. सुकटीत मीठ ठासून भरलेले असते, रश्श्यातला कांदा-लसूण तर कोणत्याही मांजराच्या रक्तपेशींचा नाश करतो, आणि दूध अनेक मोठ्या मांजरांना पचत नाही. हे मी जेवायला बसण्यापूर्वीच सांगून टाकते.

मग दोघांना मनीचेच खाणे का देऊ नये, असेही काही जण सुचवतात. पथ्याचे काही प्रकार, उदाहरणार्थ लघवीत खडे होऊ नयेत म्हणून दिले जाणारे काही अन्न, डॉक्टरांना विचारून घरातल्या निरोगी प्रौढ मांजरालाही देता येते. किडनीचे पथ्य मात्र त्यातले नव्हे, आणि वाढत्या पिल्लासाठी तर मुळीच नव्हे. गोट्या वर्षाचा झाल्यावर त्याचे खाणे बदलेल, परंतु प्रौढ मांजराच्या नेहमीच्या खाण्यातही मनीला झेपेल त्याहून अधिक फॉस्फरस असतो, त्यामुळे आतल्या खोलीचे दार त्यानंतरही चार वेळा लागतच राहील.