३०० ओहम, बाबांच्या कॅसेटी आणि टेबलावरचा नवा डबा

गेल्या नोंदीत हेडफोनचा विषय मिटला होता. सेनहायझर एचडी ६००, वापरलेला, कानाच्या गाद्या नव्या घातलेल्या. १९९७ पासून हे मॉडेल बाजारात आहे, सुटे भाग मिळतात आणि गाणाऱ्याचा गळा आहे तसा ऐकू येतो, एवढं मला पुरे होतं. आता त्याच्यामागच्या यंत्रणेची नोंद: टेबलावरचा डॅक-ॲम्प, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा विद्युत संकेत करणारा डॅक आणि तो हेडफोनसाठी वाढवणारा ॲम्प, एकाच डब्यात. लोक साधारण ज्या कारणासाठी असा डबा घेतात त्या कारणासाठी मी तो घेतलेला नाही, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

एचडी ६००चा विद्युत-विरोध (इम्पीडन्स) ३०० ओहम. हा आकडा ऐकला की समोरचा लगेच म्हणतो, "मग त्याला तगडा ॲम्प लागणार." कागद-पेन्सिल घेऊन बघू. एचडी ६००ची संवेदनशीलता ९७ डेसिबल, एका मिलिवॉटला. सगळ्यात मोठ्या ठोक्यासाठी ११० डेसिबल धरले (क्षणभरासाठीच हं, रोजचं ऐकणं याच्या खूप खाली असतं आणि असावं), तर १३ डेसिबल जास्त हवेत, म्हणजे साधारण २० मिलिवॉट. ३०० ओहमवर २० मिलिवॉट म्हणजे अडीच व्होल्टच्या आतच काम भागतं, आणि करंट ८ मिलिअँपिअरच्या आसपास. वॉट फारसे लागतच नाहीत, लागतात ते व्होल्ट. उलट हायफायमन सुंदारासारखा प्लेनर (सपाट पडद्याचा हेडफोन) घेतला, ३७ ओहम आणि ९४ डेसिबलवाला, तर तेवढ्याच आवाजाला व्होल्ट सव्वाच्या आसपास पुरतात पण करंट ३३ मिलिअँपिअर, म्हणजे चौपट. म्हणून "या ॲम्पवर अमुक हेडफोन चालतो का" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

माझ्याकडे आधीपासून एक साधा टाइप-सी डोंगल (हेडफोन जोडायचा चिमुकला डॅक) आहे, हजार रुपयांच्या आसपासचा. पूर्ण आवाजावर मल्टिमीटर लावला तर काटा, म्हणजे आकडा, एक व्होल्टच्या जवळ थांबतो. एक व्होल्ट, ३०० ओहम: सव्वातीन मिलिवॉट, १०२ डेसिबल. आजकालची कुठलीही गाणी यावर दणदणीत वाजतात. मराठी चित्रपटगीतं, भावगीतांची नवी मास्टरिंग, सगळं. इथेच थांबलो असतो तर वीस हजार वाचले असते.

घोडं पेंड खाल्लं ते बाबांच्या कॅसेटींपाशी. ऐंशीच्या दशकात त्यांनी आकाशवाणीवरून टेप केलेल्या मैफिली आहेत, टीडीकेच्या आणि सोनीच्या कॅसेटींवर, पाठीवर बॉलपेनने राग आणि तारीख. त्या मी हळूहळू संगणकावर उतरवतोय. उतरवताना पातळी मुद्दाम खाली ठेवावी लागते, कारण मधेच टाळ्यांचा कडकडाट होतो, कोणीतरी माइक सरकवतो आणि धाडकन आवाज येतो. विलंबित आलाप त्या ठोक्याच्या तीस डेसिबल खाली, आणि तो ठोकाही कमाल पातळीच्या दहा खाली. वजाबाकी करा: १०२ मधून ४० गेले, उरले ६२. साध्या बोलण्याइतका आवाज. एचडी ६०० मागून उघडा असतो, त्यामुळे डोक्यावरचा पंखा, खालच्या रिक्षा आणि शेजारचा कुकर सगळे मैफिलीत बसतात. बाबांना ऐकवलं तर ते म्हणाले, "गाणं शेजारच्या खोलीत चाललंय का रे?"

यावर हुशार मंडळी विचारतील, फाइलच नॉर्मलाइझ का करत नाहीस? करतो, जिथे जमतं तिथे. पण नॉर्मलाइझ करणं म्हणजे सर्वात मोठा ठोका कमाल पातळीला नेऊन ठेवणं. तो माइकचा धाडकन आवाज आधीच दहा डेसिबल खाली असेल तर मला दहाच मिळतात, बाकीचे तीस तिथेच. लिमिटर लावून ठोका दाबता येतो, पण मग तबल्याची थापही दबते, आणि डग्ग्यावरची मींड हेच तर मला ऐकायचं असतं. शिवाय स्ट्रीमिंगवरच्या जुन्या रेकॉर्डिंगांना हात लावता येत नाही.

तर गरज ही: डोंगलपेक्षा पंधराएक डेसिबल जास्त जागा, आणि तेवढा आवाज वाढवल्यावर यंत्राची स्वतःची फुसफुस ऐकू येऊ नये. कॅसेटची फुसफुस आहेच, तिच्यात भर नको. पुढची सगळी निवड या एका ओळीवर झाली.

यादीत पहिल्यांदा डॅक आणि ॲम्प वेगवेगळे घ्यायचा विचार होता. शीट कंपनीचे मोदी (डॅक) आणि मॅग्नी (ॲम्प), किंवा जेडीएस लॅब्ज ॲटम. यंत्रं उत्तम, पण मॅग्नी आणि ॲटम ॲम्प यांचा अडॅप्टर भिंतीतून एसी घेऊन एसीच देणारा असतो, आणि अमेरिकेतून येणारा नग १२० व्होल्टचा. आपल्या २३० मध्ये तो लावला तर काय होईल सांगायला नको. पुतण्या येताना घेऊन येईल वगैरे योजना असतील तर २३० व्होल्टचा अडॅप्टर आधी पक्का करा. साधा मोबाइलचा चार्जर किंवा डीसी अडॅप्टर तिथे चालत नाही. मला या भानगडीत पडायचं नव्हतं.

मग एकाच डब्यातले दोन उरले: टॉपिंग डीएक्स३ प्रो प्लस आणि फिओ के७. टॉपिंग आकाराने छोटा, ब्लूटूथ आहे, रिमोट आहे, मोजमापात चकाचक. के७ मोठा, बॅलन्स्ड आउटपुट (दोन्ही कानांना पूर्ण वेगळी जोडणी, त्यामुळे जास्त व्होल्ट), ३२ ओहमवर बॅलन्स्डमधून २००० मिलिवॉट असा कंपनीचा दावा. साध्या ६.३५ मिलिमीटरच्या छिद्रातून ३२ ओहमवर १२२० मिलिवॉट. त्याचे व्होल्ट काढले तर सव्वासहाच्या आसपास येतात. एका व्होल्टवरून सव्वासहावर जाणं म्हणजे जवळपास १६ डेसिबल. माझा हिशोब नेमका बसला, तोही बॅलन्स्ड केबल न घेता.

चिपच्या नावावरून मी काहीच ठरवलं नाही, आणि तसं करू नका असंच सांगेन. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथल्या एकेएम या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि जगभर त्यांच्या डॅक चिपचा दुष्काळ पडला. फिओच्या आधीच्या के५ प्रोमध्ये एकेएमची चिप होती. आगीनंतर त्याच डब्यात ईएसएस या दुसऱ्या कंपनीची चिप बसवून तो 'के५ प्रो ईएसएस' म्हणून विकला गेला. चिपच सगळं ठरवत असती तर ते यंत्र ओळखू येऊ नये इतकं बदलायला हवं होतं. चिपभोवतीची वीजपुरवठ्याची आणि आउटपुटची रचना जास्त महत्त्वाची, आणि ती जाहिरातीत ठळक अक्षरात कधी येत नाही.

शेवटी के७ घेतला. वीस हजारांच्या घरात.

नॉबबद्दल थोडं, कारण याच्यावर कोणी फार लिहीत नाही. जुन्या पद्धतीच्या ॲनालॉग व्हॉल्यूम पॉटमध्ये (नॉबखालच्या भागात) अगदी खालच्या टोकाला डावा-उजवा आवाज सारखा नसतो. नॉब सात-आठ वाजण्याच्या दिशेला असताना गाणं एका कानाकडे झुकतं. ३०० ओहमवाल्याला हा त्रास जाणवत नाही, तो नेहमी वरच वाजतो. पण मी ऑफिसचे आयईएमही (कानात खुपसायचे इअरफोन) याच्यावर लावतो, आणि त्यांना आवाज चिमूटभर लागतो. के७ मध्ये नॉब फक्त आपली जागा सांगतो, आवाज कमी-जास्त करायचं काम वेगळी चिप करते, त्यामुळे तळाशीही तानपुरा मध्यभागी राहतो. आयईएमसाठी गेन (ॲम्प किती पट वाढवतो ते) 'लो'वर ठेवतो, कॅसेटींसाठी 'हाय'वर. हाय गेनवर असताना आयईएम खुपसू नका. कान आपले आहेत.

आता डोंगलशी तुलना. ही नीट करायची तर दोन्हींचा आवाज तंतोतंत सारखा करावा लागतो, नाहीतर जो जरा मोठा वाजतो तो 'जास्त मोकळा' वाटतो. पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेलो आणि स्क्रू टर्मिनलवाला जॅक मागितला. दुकानदाराने न बघता मागच्या खोक्यात हात घालून काढून दिला आणि विचारलं, "साहेब, माइकला का?" हेडफोनला म्हटल्यावर त्याने माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं. तो जॅक हेडफोनच्या समांतर जोडला, २०० हर्ट्झचा सूर लावला आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवला. स्वस्तातले मीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला चुकीचं दाखवतात, म्हणून सूर खालचाच घ्यायचा. हेडफोन जोडलेला असतानाच मोजायचं. दोन्ही आकडे एका टक्क्याच्या आत आणले की फरक ०.१ डेसिबलच्या आत येतो. नॉबने जवळपास आणलं, उरलेलं फूबार या गाणी वाजवायच्या प्रोग्रॅमच्या व्हॉल्यूम पट्टीने.

मग बायकोला केबल बदलायला बसवलं, मी भिंतीकडे तोंड करून. ती म्हणाली, "ओळखलंस तर काय देणार?" द्यायची वेळ आली नाही. नव्या रेकॉर्डिंगांवर, रोजच्या आवाजात, कुठला डबा चालू आहे हे मला सांगता आलं नाही. जवारी, झांजेची किनार, श्वास, सगळं दोन्हीकडे तेवढंच. हे लिहायला मला काही वाटत नाही. २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी एसएसीडीचा (सीडीहून वरच्या दर्जाच्या तबकडीचा) आवाज मधेच १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या, म्हणजे साध्या सीडीच्या, टप्प्यातून नेऊन बघितला, तेव्हा नेहमीच्या पातळीवर ऐकणाऱ्यांना तो ओळखता आला नव्हता. आपण त्यांच्यापेक्षा वेगळ्या कानांचे नाही. फरक पडला तो बाबांच्या मारव्याला. डोंगल पट्टी संपवून बसला होता. के७ हाय गेनवर, नॉब तीनच्या सुमाराला, आणि आलाप पंख्याच्या वर आला. मागे टेपची फुसफुस आहे, यंत्राची नाही. कॅसेट थांबवून नॉब तिथेच ठेवून तपासलं.

गुणगुणीचा किस्सा मात्र सांगायलाच हवा, कारण यात अर्धे लोक यंत्र परत पाठवतात. के७ च्या मागच्या आरसीएमधून (स्पीकरसाठीच्या आउटपुटमधून) टेबलावरच्या पॉवर्ड स्पीकरना जोडलं आणि हेडफोनमध्येही किरकिर सुरू झाली. माउसने पान सरकवलं की किरकिर बदलायची. दोष डब्याचा नव्हता. संगणकाला अर्थिंग आहे, स्पीकरलाही स्वतःच्या तीन पिनांच्या प्लगमधून अर्थिंग आहे, आणि यूएसबी व आरसीएच्या केबलींनी त्या दोघांमधला वेढा पूर्ण केला. ग्राउंड लूप. ओळखायची युक्ती सोपी: स्पीकरकडची आरसीए उपसा. किरकिर गेली तर लूपच.

यावर एक उपाय सर्रास सांगितला जातो, प्लगची जाड पिन काढून टाका. हे करू नका. ती पिन शॉक बसू नये म्हणून आहे, गाण्यासाठी नाही. मी आधी सगळी जोडणी एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतली, निम्मी किरकिर गेली. मग मदरबोर्डच्या मागे ऑप्टिकल आउटपुट होतं, तिथून तीनेकशे रुपयांची केबल टाकली. ऑप्टिकलमधून प्रकाश जातो, तांब्याचा संबंधच उरत नाही, त्यामुळे वेढा तुटतो. संपूर्ण शांतता. मोबदल्यात ९६ किलोहर्ट्झच्या वर जाता येत नाही आणि डीएसडी (एसएसीडीवर वापरतात ती पद्धत) गेलं. कॅसेटी ऐकणाऱ्या माणसाला याचं दुःख किती असावं!

यूएसबीवर असताना एक गोष्ट दिसली. के७ च्या नॉबभोवतीचा दिवा ४८ किलोहर्ट्झपर्यंत निळा आणि त्यावर पिवळा असतो. साधी ४४.१ ची फाइल लावली तरी दिवा पिवळाच. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये १९२ किलोहर्ट्झ निवडलेलं होतं, त्यामुळे सगळंच त्या दराला बदलून पुढे जात होतं. फूबारमध्ये वासापी एक्स्क्लुझिव्ह (विंडोजचा मिक्सर वगळून थेट यंत्राकडे) लावल्यावर दिवा फाइलप्रमाणे बदलायला लागला. ऐकण्यात फरक जाणवला का? नाही. पण दिवा खोटं बोलत असलेला बघवत नाही.

बॅलन्स्ड केबल घेणार का, असं दोघातिघांनी विचारलंय. ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड छिद्रातून ३०० ओहमला तेराएक व्होल्ट मिळतात, अडीच लागतात, सव्वासहा हातात आहेत. नाही घेणार. ते पैसे कॅसेट डेकमध्ये घालतोय: हेडची ॲझिमथ (टेपशी असलेला कोन) बिघडलेली आहे, वरचे सूर गढूळ येतात, आणि जे टेपवरून नीट उचललंच जात नाही ते कुठलाही डॅक परत आणून देत नाही. पुढची नोंद स्क्रूड्रायव्हर आणि ऑसिलोस्कोपची. ज्यांनी घरच्या घरी ॲझिमथ जुळवली असेल त्यांनी स्क्रूवरचा जुना रंग कशाने काढला ते कळवा, माझ्या डेकवरचा दगडासारखा बसलाय.