झाले का दहा हजार?

नागपूरच्या फुटाळा तलावावर सकाळी फिरणाऱ्या आमच्या टोळक्यात कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला. 'काय भाऊ, झाले का दहा हजार?' त्यामागोमाग दुसरा, 'तुम्ही कोणतं ॲप वापरता? खरंच फायदा होते का त्याचा?' चढावर चालता चालता याचं उत्तर देता येत नाही, दम लागतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून लिहितो.

तीन वर्षांपूर्वी माझा बीपी 152/96 निघाला. गोळी सुरू झाली आणि दिवाळीला आलेल्या मुलाने फोनमध्ये पावलं मोजायची सोय करून दिली. पहिले सहा महिने मी पार वेडा झालो होतो. रात्री साडेनऊला 9,400 दिसले की अंगणात येरझारा. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला, तरी मी हॉलमध्ये सोफ्याला प्रदक्षिणा घालतोय. शेवटी मुलानेच सांगितलं, की हा दहा हजारांचा आकडा कुण्या डॉक्टरने शोधलेला नाही. 1965 मध्ये जपानमधल्या एका कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. नाव चाललं आणि आकडा जगभर चिकटला. पुढे 2019 मध्ये अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांवरचा एक अभ्यास आला. त्यात रोज साडेचार हजारांच्या आसपास चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं, आणि साडेसात हजारांनंतर फरक जवळपास थांबला. हे ऐकल्यापासून सोफा सुटला.

फोन पावलं बघत नाही, हिसके बघतो. आतल्या सेन्सरला ठरावीक लयीतले हिसके जाणवले की त्याच्या लेखी आपण चाललो. आमच्या गल्लीतल्या खड्ड्यांनी स्कूटरवर बसल्या बसल्या मला थोडीफार पावलं फुकट मिळवून दिली असणार. याची उलट बाजू मला महालक्ष्म्यांच्या दिवशी दिसली. ही पहाटे चारला उठलेली. सोळा भाज्या, आंबील, पुरण, वर वीसेक पानं. मी पाटपाणी केलं, पाहुण्यांना फाटकापर्यंत सोडलं. संध्याकाळी माझे 11,000 आणि हिचे 312. कारण हिचा फोन दिवसभर फ्रिजवर. साडीला खिसा नसतो हे ते ॲप बनवणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसेल. मी मोठ्या उत्साहाने आकडे वाचून दाखवले. त्यावर ही जे म्हणाली ते इथे लिहीत नाही.

एक ॲप तर मी त्याच दिवशी काढून टाकलं. कॅमेऱ्यावर बोट ठेवा, बीपी सांगतो म्हणे. बोटावर उजेड पडला की रक्ताच्या प्रत्येक ठोक्याबरोबर रंग किंचित बदलतो, त्यावरून नाडी मोजता येते, इथवर ठीक. पण त्याने मला 118/78 सांगितलं आणि पाच मिनिटांनी दंडाला पट्टा बांधून पाहिलं तर 146. त्याच्यावर विसंबून गोळी सोडली असती तर? आणि या सोयीसाठी त्याला माझ्या फोनमधले सगळ्यांचे नंबर कशाला हवे होते?

आता खऱ्या उपयोगाचं. फोनमध्ये आधीपासून असलेल्या साध्या ॲपमध्ये मी स्वतः बीपी लिहितो. डॉक्टरांनी पद्धत घालून दिली. चहाच्या आधी, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं. वाईट आकडाही लिहायचा. (हे सर्वात कठीण. पहिल्या महिन्यात मी तिसऱ्यांदा, चौथ्यांदा मोजून त्यातला बरा आकडा लिहायचो.)

दोन महिन्यांनी आलेख उघडला तर दर सोमवारी सकाळी उंचवटा. घरात गुन्हेगार लगेच ठरला. रविवारी आम्ही फिरून झाल्यावर ठेल्यावर तर्री-पोहे खातो. 'तर्री बंद करा,' असा निकाल लागला. मी आलेख घेऊन डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, 'मीठ-तेल कमीच करा, पण आधी सांगा, रविवारी गोळी कुठे घेता?'

मी गप्प. रोज गोळी घरच्या नाश्त्याबरोबर घ्यायची सवय. रविवारी नाश्ता ठेल्यावर, गोळी घरी डब्यात. घरी येईपर्यंत पोट भरलेलं, मग पेपर, मग आंघोळ. दर रविवारी गोळी राहत होती आणि मला पत्ता नव्हता. पावलांच्या आकड्याने हे जन्मात सांगितलं नसतं.

त्यानंतर चार सोमवार पाहिले, उंचवटा बसला. तेव्हा कोणतं ॲप, याला माझं उत्तर असं, की ज्यात तुम्हाला हाताने लिहिता येईल आणि डॉक्टरांपुढे उघडून धरता येईल, ते कोणतंही. पावलं मी अजूनही बघतो, पण क्रिकेटचा स्कोअर बघावा तशी.

गेल्या रविवारी ठेल्यावर पुन्हा तेच. 'झाले का भाऊ दहा हजार?' मी शर्टाच्या खिशातून गोळी काढली, पाण्याचा पेला मागितला.

'साडेसहा झाले. तर्री अर्धीच घाल बाप्पा.'