चा-ची-चे बंद

'रंधा : सुतार :: कात्री : ?' फळ्यावर एवढं लिहिलं आणि खाली चार पर्याय दिले. कापड, शिंपी, शिवण, धार. अर्ध्या वर्गाने धडाधड हात वर केले, आणि उत्तरंही चार आली.

शब्दांच्या जोड्या शिकवणं मला फार सोपं वाटायचं. बुद्धिमत्ता चाचणीच्या पुस्तकात त्यांना 'समसंबंध' असं भारदस्त नाव असतं. पहिल्या दोन शब्दांमध्ये जे नातं, तेच पुढच्या दोघांत शोधायचं. पाखरू : घरटं, तर मधमाशी : पोळं. झालं की! तोपर्यंत एक पोर विचारतं, "बाई, ही मधली चार टिंबं कशाला?" खरं तर ती गणितातून आली आहेत. विल्यम ऑट्रेड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १६३१ मध्ये प्रमाण दाखवायला ती वापरली. दोनास चार तसे पाचास दहा. आकड्यांसाठी केलेलं चिन्ह आपण पाखरांना आणि मधमाश्यांना लावलं. आकडे निमूट बसतात, शब्द बसत नाहीत.

तर कात्री. "कापड" म्हणणाऱ्याला विचारलं, कसं काय? तो म्हणाला, "कापडाची कात्री." शिवणवाली म्हणाली, "शिवणाची कात्री." शिंपीवाल्याचं "शिंप्याची कात्री", धारवाल्याचं "कात्रीची धार". चौघेही आपापल्या जागी ठाम. आणि रंधा? "सुताराचा रंधा." घ्या! चा-ची-चेच्या गोणीत सगळंच मावलं.

मग व्याकरणाचा तास आठवला. चा-ची-चे हे षष्ठी विभक्तीचे प्रत्यय. षष्ठीचा अर्थ काय? संबंध. म्हणजे 'समसंबंध' सोडवायला मुलं संबंधाचीच विभक्ती घेऊन येत होती आणि तिनेच सगळा घोळ घातला होता. बाकीच्या बहुतेक विभक्ती नामाला क्रियापदाशी बांधतात, कोणी, कशाने, कुठून, कुठे ते सांगतात. षष्ठी मात्र दोन नामांची गाठ मारते आणि क्रियापदाला सुट्टी देऊन टाकते. झाडाचं पान, सुताराचा रंधा, वर्गाचा गोंधळ. प्रत्येकातलं नातं निराळं, पण तिला त्याचं काही नाही.

त्या दिवसापासून माझ्या वर्गात एक नियम आहे: नातं सांगताना चा-ची-चे बंद. क्रियापद घालून पूर्ण वाक्य करायचं. 'रंधा चालवतो तो सुतार.' आता तेच वाक्य कात्रीला लावा. 'कात्री चालवतो तो कापड'? वर्ग हसतो आणि तीन पर्याय आपसूक गळून पडतात.

क्रमाचंही तसंच. 'वासरू : गाय :: करडू : ?' इथे निम्मी मुलं 'कोकरू' लिहितात, कारण करडू-कोकरू ही जोडी जिभेवर असते. 'वासरू मोठं होऊन गाय होतं' म्हटलं की करडू शेळीकडे जातं. (वासरू बैलही होतं, हे एकाने लगेच ऐकवलंच. बरोबर आहे त्याचं.)

पुस्तकामागची उत्तरं मात्र मला हल्ली अपुरी वाटतात. 'छत्री : पाऊस :: ? : ऊन' याचं छापील उत्तर टोपी. एकीने लिहिलं 'सावली', आणि तिचं वाक्य होतं, "छत्रीत पाऊस लागत नाही, सावलीत ऊन लागत नाही." दुसऱ्याने लिहिलं, "छत्रीच. उन्हातपण छत्रीच घेतात." यांना चूक कसं म्हणू? मी दोघांना गुण दिले. परीक्षेत देणार नाहीत, हेही सांगितलं.

न्यायशास्त्रात, म्हणजे तर्काच्या जुन्या भारतीय शास्त्रात, उपमान (साम्यावरून ओळखणं) हे ज्ञान मिळवायचं एक साधन मानलं आहे. त्याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे गवय हा रानटी प्राणी. ज्याने गवय कधी पाहिलेला नाही, त्याला रानातला माणूस सांगतो, 'गाईसारखा असतो.' पुढे रानात तसा प्राणी समोर आला की हा ओळखतो, अरे, हाच तो. मला त्या रानातल्या माणसाचं कौतुक वाटतं. गाईसारखा, एवढ्यावर त्याचं भागलं. माझ्या वर्गात असता तर कुणीतरी विचारलंच असतं, "म्हणजे दूध देतो का?"

आता शनिवारी मुलं स्वतःच्या जोड्या करून चिठ्ठ्यांवर देतात. 'पेन्सिल : खोडरबर :: मी : आई' हे एकाचं. पेन्सिल चुकते, खोडरबर निस्तरतं. परवा एक चिठ्ठी आली, 'खिडकी : भिंत :: मधली सुट्टी : ?' मला काही सुटेना. कागद उलटून पाहिला, तर मागे वाक्य होतं, "भिंतीत तेवढ्यातूनच वारा येतो." आणि खाली उत्तर: 'बाईंचा तास.'

उत्तरात षष्ठी होती, पण वाक्यात नव्हती. पूर्ण गुण द्यावे लागले.