नव्वद फुटांची चोरी

रविवार, रात्र

आज आतेभाऊ न्यू जर्सीहून आलेला, म्हणजे न्यूयॉर्कच्या बेसबॉल टीमचा, यांकीजचा कट्टर फॅन, आणि आम्ही बॉस्टनवाले, त्यामुळे जेवणं झाल्यावर मी मुद्दाम 2004 ची ती जुनी मॅच लावली, आमचे रेड सॉक्स विरुद्ध यांकीज, चौथी गेम, बॉस्टनचं फेनवे पार्क. तो म्हणाला हे पाहुणचारात बसत नाही. पण बसला बघत.

सिच्युएशन अशी की वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे फायनलच्या, आधीची सिरीज, सातमधल्या चार जिंकायच्या आणि यांकीज 3-0 ने पुढे. आदल्या रात्री तर 19-8 ने धुतलेलं, तेही बॉस्टनच्या घरात. बेसबॉलमध्ये 0-3 वरून तोवर कोणीच परत आलेलं नव्हतं. नववी इनिंग, यांकीज 4-3 ने पुढे, आणि बॉलिंगला मारियानो रिवेरा. (पिचिंग म्हण, असं भाऊ दरवेळी टोकतो. बरं, पिचिंग.) हा माणूस शेवटी यायचा आणि दुकान बंद करून जायचा, पोस्टसीझनमधला (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांतला) त्याचा करिअर ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे सरासरी दिलेले रन, 0.70 आहे, यावरून काय ते समजा.

त्याने केविन मिलारला वॉक दिला (चार बाहेरचे बॉल, की बॅटरला फर्स्ट बेस फुकट) आणि बॉस्टनने मिलारच्या जागी पळायला डेव्ह रॉबर्ट्सला पाठवला. हाच माझा आवडता भाग. बॅटिंग नाही, फील्डिंग नाही, अख्ख्या सिरीजमध्ये या माणसाने एकदासुद्धा बॅट फिरवली नाही. फक्त पळायला आला. आणि तो सेकंड बेस चोरणार (म्हणजे बॅटरने बॉल मारायची वाट न बघता नव्वद फूट पळून पुढचा बेस गाठणार) हे पिचरला माहीत, कॅचर पोसाडाला माहीत, स्टेडियममधल्या पॉपकॉर्नवाल्यालाही माहीत असणार! रिवेराने तीनदा फर्स्टला बॉल फेकून त्याला पकडायचा प्रयत्न केला, एकदा तर अगदी थोडक्यात वाचला. आणि मग बॅटरला टाकलेल्या पहिल्याच बॉलवर हा सुटला. पोसाडाचा थ्रो चांगला होता, सेकंडवरच्या जीटरने टॅगही लगेच लावला (बॉल अंगाला टेकवला की आऊट), पण हात आधी पोचलेला. खो-खोत गडी बाद करायला जो सूर मारतात ना, तसंच वाटतं बघताना.

पुढे बिल म्युलरचा सरळ मधून सिंगल, रॉबर्ट्स घरी, 4-4. बाराव्या इनिंगला डेव्हिड ऑर्टिझने होमरन मारून 6-4 ने मिटवली, तोपर्यंत रात्रीचा सव्वा वाजून गेलेला, मॅच पाच तासांच्या वर चालली होती. आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाचवी गेम सुरू, ती 14 इनिंग, ती पण ऑर्टिझनेच जिंकून दिली, हे लोक झोपले कधी कोण जाणे.

नंतर उरलेल्या दोन्ही गेम न्यूयॉर्कमध्ये जाऊन जिंकल्या आणि पुढे वर्ल्ड सिरीजपण, 1918 नंतर पहिल्यांदा. यांकीजविरुद्धच्या सिरीजचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) ऑर्टिझ, ते ठीकच आहे, होमरन सगळ्यांना दिसतो. पण मला विचाराल तर बॉस्टनने आपल्या बेब रूथसारख्या महान खेळाडूला न्यूयॉर्कला विकल्यापासूनचं सगळं त्या नव्वद फुटांत फिटलं, आणि फेडणारा रॉबर्ट्स. तो पुढे लॉस एंजेलिसच्या डॉजर्सचा मॅनेजर झाला, तिथे ट्रॉफ्याही जिंकल्या, तरी बॉस्टनमध्ये त्याचं नाव निघालं की लोक त्या एका धावेचंच बोलतात.

भावाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, आमच्या 27 ट्रॉफ्या आहेत, तुमच्या मोज. मग आइस्क्रीम एकट्यानेच संपवलं. उद्या त्याला पाचवी गेम दाखवणार आहे, पूर्ण 14 इनिंग.